डावा गाल, दोन मिनिटं

प्लोव्दिव, २५ फेब्रुवारी

प्रिय झोर्नित्सा,

सोबत मार्तेनित्सा पाठवते आहे. एक मार्चला सकाळी उठल्याउठल्या मनगटाला बांध. करकोचा दिसेपर्यंत किंवा झाडाला फुलं येईपर्यंत ती काढायची नाही, हे तुला सांगायला नकोच. तुमच्या देविनच्या डोंगरात करकोचे फिरकत नाहीत आणि झाडं एप्रिल उजाडेपर्यंत डोळे उघडत नाहीत. तेव्हा तुला ती आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त दिवस वागवावी लागणार. लाल आणि पांढरी लोकर मी स्वतः निवडून पिळली आहे, नावं ठेवू नकोस.

आता मुद्द्याचं. रविवारी फोनवर तू म्हणालीस की मे महिन्यात बारावीच्या निरोपाच्या नाचाला तू जाणार नाहीस, कारण चेहरा. त्यापुढचं मला काही कळलं नाही, कारण तू रडत होतीस. म्हणून आजपासून या विषयावर फोन बंद. लिही. लिहिताना रडलीस तरी अक्षरं वाचता येतात.

त्या डॉक्टरीणबाईंनी तुला मुरमांसाठी फेसवॉश दिला, एवढं मात्र ऐकू आलं. माझं मत विचारशील तर पाण्यात घातलेले पैसे. बावीस वर्षं मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत हेच करते आहे. फेसवॉशमध्ये सॅलिसिलिक ॲसिड घालायचं, ट्यूबवर ‘मुरमांवर गुणकारी’ छापायचं, आणि लोकांनी ते दहा सेकंद चोळून धुऊन टाकायचं. औषध चेहऱ्यापेक्षा गटाराला जास्त मिळतं. आमच्या गटारावर एकही मुरूम नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

लावून ठेवायचं मलम घे.

तुझी,
तेमेनुगा आत्या


देविन, ४ मार्च

प्रिय आत्या,

मार्तेनित्सा बांधली. सुंदर आहे. बाबा म्हणाले, तेमे कुठली पिळतेय, बाजारातून आणली असेल. मी तुझी बाजू घेतली, लक्षात ठेव.

मलम लावून झालं आहे. मागच्या शरद ऋतूत, तुला सांगितलं नव्हतं. दहा दिवसांत भाजलेल्या ढोबळी मिरचीसारखी गालाची सालं निघाली. आई रात्रंदिवस माझ्या मागे आणि मी उशीच्या मागे. म्हणून डॉक्टरीणबाईंनी फेसवॉश दिला. यात तुमचं सॅलिसिलिक नाही, बेंझॉइल पेरॉक्साइड आहे. त्या म्हणाल्या, तुझी कातडी नाजूक आहे, धुऊन टाकायचंच औषध घेऊ. आता त्या खऱ्या की तू, ते तुम्ही दोघी ठरवा, पण लवकर ठरवा.

तुला वाटतं मी नाचाला घाबरते. नाचाला नाही गं, मी दाराला घाबरते. चोवीस मेला दुपारी मला नाचाला पाठवायला सगळे आमच्या अंगणात जमणार. जर्मनीहून काका येणार, कॅमेरा घेऊन. बाबांनी काल यादी केली, त्रेचाळीस माणसं. मग दार उघडणार, मी हिरव्या ड्रेसमध्ये बाहेर येणार, आणि त्रेचाळीस माणसं एकाच वेळी माझ्या तोंडाकडे बघणार. समोरची स्तोयका काकू तर मोठ्याने बोलणार. ती दिसेल ते बोलते. परवा दुकानात सगळ्यांसमोर म्हणाली, ‘‘पोरी, हे काय झालंय तुला, यकृत बघून घे.’’

आत्ता आरशात मोजले. डाव्या गालावर एकवीस, उजव्या गालावर वीस. कपाळ मी मोजत नाही, तिथे केसांची बट आहे.

चेहरा साफ झाला नाही तर मी दाराबाहेर पाऊल टाकणार नाही. बाबांनी दोन कोकरं आत्ताच सांगून ठेवली आहेत. त्यांना समजावून सांग.

झोरे


प्लोव्दिव, १० मार्च

प्रिय झोरे,

मिरचीचं आधी सांगायला हवं होतंस. मग मी मलमाचं नाव काढलं नसतं.

तुझ्या बापाला मी काहीही समजावून सांगणार नाही. लहानपणापासून त्याला एक कोकरू पुरत नाही.

मला एवढंच सांग, तोंड धुताना तो फेस चेहऱ्यावर किती वेळ असतो? अंदाज नको, घड्याळ लावून बघ. आमच्या कारखान्यात आम्ही वीस बायकांना न सांगता मोजलं होतं. सरासरी नऊ सेकंद आली. एकीचे तीन होते, ती फोनवर बोलत होती. नऊ सेकंदांत औषध नमस्कारसुद्धा करत नाही. पेरॉक्साइड असलं म्हणून काय झालं, पाणी ओतलं की तेही सगळ्यांबरोबर जातं.

बाकी चोवीस मेला मला येणं जमेलसं दिसत नाही. महिनाअखेरीला कारखान्यात तपासणी आहे. पण तू जायला हवंस.

आत्या


देविन, २१ मार्च

आत्या,

मोजले. अकरा सेकंद.

पण आज त्यासाठी लिहीत नाही, आज भांडायला लिहिते आहे. तुझी लोकर फसवी निघाली. मार्तेनित्सातला लाल धागा आधी नारिंगी झाला, मग पीचसारखा, आणि आता बघशील तर पांढऱ्यात आणि लालात फरकच राहिला नाही. माझ्या वर्गात अठ्ठावीस मनगटं आहेत, सगळ्यांचे लाल धागे लालच आहेत. बाबा म्हणतात, ‘‘मी म्हटलं नव्हतं? स्टेशनबाहेरून घेतली असणार.’’ यावेळी मी तुझी बाजू घेऊ शकले नाही.

त्यात स्तोयका काकूने बघितलं. लाल म्हणजे रक्त, लाल म्हणजे तब्येत, त्याचं पांढरं होणं वाईट, असं ती अर्धा तास बोलत होती. मग माझा चेहरा आणि मनगट एकत्र जोडून तिने काहीतरी निष्कर्ष काढला, तो मला ऐकायचा नव्हता म्हणून मी घरात निघून आले. काढून टाकू का? इथे अजून एकाही झाडाला फूल नाही.

आणि तुझी तपासणी. एक दिवसही सुट्टी मिळत नाही? तुला यायचंच नसेल तर तसं सांग. तू दिमो दादाच्या नाचालाही नव्हतीस, बाबांनी सांगितलं.

झोरे


प्लोव्दिव, २९ मार्च

झोरे, झोरे, झोरे,

काढू नकोस. धुऊही नकोस. नाही, तोंड धू, तेवढं रोज धू. अगं, तुला कळलं का तू काय लिहिलंस?

तुझं पत्र मी कारखान्याच्या जेवणाच्या खोलीत वाचत होते. वाचता वाचता उभी राहिले आणि सूप सांडलं. त्याच गुंडीतून पिळलेली मार्तेनित्सा माझ्या मनगटावर आहे, लालबुंद. तुझ्या बापाला सांग, लोकर उत्तम आहे. तुझ्या मनगटावर असं काय पडतं जे माझ्या मनगटावर पडत नाही? तोंड धुताना फेस हातावरून मनगटापर्यंत ओघळतो. पेरॉक्साइड रंग खातं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, आणि मला बावीस वर्षं माहीत आहे. पण मी म्हणत होते की पाण्याबरोबर ते सगळं जातं. सगळं गेलं असतं तर तुझा धागा पांढरा झाला नसता.

मी लगेच प्रयोग मांडला. त्याच गुंडीचे सहा धागे कापले. दोन तुझ्या फेसवॉशमध्ये (दुपारच्या सुट्टीत पळत जाऊन औषधाच्या दुकानातून आणला), दोन आमच्या सॅलिसिलिकवाल्यात, दोन साध्या साबणात. प्रत्येकातला एक धागा दहा सेकंद, दुसरा दोन मिनिटं. मग नळाखाली खळखळून धुतले. रोज दोन वेळा, पाच दिवस. सगळ्यांना वाटलं, तेमेनुगाबाईंनी विणकाम सुरू केलं.

साबणवाले लाल. सॅलिसिलिकवाले लाल. पेरॉक्साइडचा दहा सेकंदवाला थोडा उतरला. दोन मिनिटंवाला पांढराफटक.

आता मी स्वतःलाच आवरते, कारण उत्साहात माणूस खोटं बोलतो. लोकर म्हणजे गाल नव्हे. लोकर पाणी धरून ठेवते, गालावरून ते घसरतं. आणि सॅलिसिलिक मुळात रंग खातच नाही, त्यामुळे ते निकामी आहे असंही धाग्यावरून म्हणता येत नाही. धाग्याने मला एकच सांगितलं, की धुतल्यावरही काही मागे राहतं, आणि वेळ दिला तर जास्त राहतं. गालाचं उत्तर गालालाच विचारावं लागेल.

तुझ्याकडे दोन गाल आहेत.

डाव्या गालावर फेस दोन मिनिटं, घड्याळ लावून. उजव्यावर नेहमीसारखा दहा सेकंद. बाकी सगळं सारखं. दर रविवारी त्याच खिडकीत, त्याच वेळी मोजायचं. आधी डॉक्टरीणबाईंना विचार. जळजळ झाली, सालं निघाली तर थांबायचं. मार्तेनित्सा कोपराच्या वर सरकव. टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढरा घे, नाहीतर आई मला शिव्या देईल.

करशील?

आत्या


देविन, २७ एप्रिल

प्रिय आत्या,

करते आहे. डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, चालेल, आणि मलाही आकडे दाखव.

सहा एप्रिलला सुरुवात केली. तेव्हा डावा एकोणीस, उजवाही एकोणीस, म्हणजे बरोबरीत. दोन मिनिटं किती मोठी असतात हे तुला माहीत नाही. मी बेसिनवर मान वाकडी करून कोंबडीसारखी उभी असते, फेस नाकापलीकडे उजवीकडे जाऊ नये म्हणून. बाबा दाराबाहेरून विचारतात, ‘‘झालं का गं तुझं विज्ञान?’’ त्यांचा निळा टॉवेल चुकून वापरला, आता त्यावर माझ्या अर्ध्या तोंडाचा ठसा आहे. फक्त डाव्या अर्ध्याचा.

आता बस. बसलीस? डावा बारा. उजवा सतरा.

मी तीनदा मोजले. आईला बोलावून मोजायला लावले, तिला कुठला गाल दोन मिनिटंवाला हे सांगितलं नाही. तिने डावीकडे अकरा मोजले आणि उजवीकडे अठरा, कारण एका तिळाला ती मुरूम समजली. आत्या, काम करतंय. धुऊन टाकलेलं औषध काम करतंय. मी अंगणात जाऊन दोनदा गोल फिरले, आणि येताना बघितलं तर आलुबुखाराच्या झाडाला कधीच फुलं आली होती. मी आठवडाभर आरशाशिवाय कुठे बघितलंच नव्हतं. मार्तेनित्सा फांदीला बांधून टाकली.

आता खरी गोष्ट. चोवीस मेला चार आठवडे उरले. उजव्या गालालाही आजपासून दोन मिनिटं दिली तर दोन्ही बाजू बऱ्यापैकी साफ होतील, असा माझा हिशोब आहे. मी विचारल्याशिवाय केलेलं नाही. करू?

झोरे


प्लोव्दिव, १ मे

प्रिय झोरे,

नको. अजून चार आठवडे दे.

तीन आठवड्यांवर कुणी काही म्हणत नाही. मुरमं स्वतःहूनही वरखाली होतात. सात आठवडे झाले आणि फरक टिकला, तर ते उत्तर. बावीस वर्षं मी ट्यूबवर वाक्यं छापते आहे आणि त्यातल्या एकाचंही उत्तर मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं नाही. मला साहेबांपुढे काहीतरी ठेवता येईल. फोटो डावीकडून काढून घे. काकांना आधीच सांगून ठेव. इतक्या जवळ येऊन सोडू नकोस.

आत्या


प्लोव्दिव, २ मे

झोरे,

कालचं पत्र फाडून टाक. पोस्टात टाकलं आणि रात्रभर डोळा लागला नाही.

दोन्ही गाल धू. दोन्हीकडे दोन मिनिटं, आजपासूनच. माझ्या उत्तरासाठी तू त्रेचाळीस माणसांसमोर अर्धा चेहरा घेऊन उभं राहायचं, असं मी लिहूच कसं शकले. तेही मी.

तपासणी वगैरे काही नाही. दिमोच्या नाचाच्या वेळीही नव्हती. एकतीस वर्षांपूर्वी माझ्या नाचाच्या दिवशी अंगणात पाहुणे जमले होते आणि मी हिवाळ्याच्या लोणच्यांच्या बरण्या ठेवायच्या खोलीत आतून कडी लावून बसले होते. तोंडाला गंधकाचा लेप होता, कुणीतरी सांगितलेला. आदल्या दिवसापर्यंत पुळ्या होत्या, त्या दिवशी भाजल्याचे चट्टेही होते. तुझा बाप दार वाजवून वाजवून दमला. संध्याकाळी पाहुणे जेवून गेले. मग मी रसायनशास्त्र घेतलं, आणि तेव्हापासून कुणाच्याही नाचाला गेले नाही. लोकांना वाटतं मी कामात असते.

तू दाराबाहेर ये. विज्ञान थांबेल.

आत्या


देविन, ७ मे

प्रिय आत्या,

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली आणि मी दुसरं आधी उघडलं. बाबांना वाचून दाखवलं नाही, पण मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘ती खोली मी नंतर पाडली.’’

आता ऐक. मी उजवा गाल धुणार नाही. म्हणजे दहाच सेकंद धुणार.

तुझ्यासाठी नाही. आधी वाटलं तुझ्यासाठी, मग लक्षात आलं की नाही. गेला महिनाभर मी दर रविवारी खिडकीत बसून माझा चेहरा इंचाइंचाने बघते आहे, आणि एकदाही रडले नाही. उजवीकडे नवीन आलं तर मला वाईट वाटायच्या ऐवजी, अगं, आनंद होतो, की बघ, फरक दिसतोय. मला हे बाहेरून कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेडं म्हटलं असतं. मला उत्तर हवंय, आत्या. ते अर्धवट टाकून मी गुळगुळीत चेहऱ्याने नाचायला गेले तर माझा सगळा नाच त्याच विचारात जाईल.

मी चोवीस मेला दाराबाहेर येणार आहे. डावा गाल दोन मिनिटंवाला, उजवा दहा सेकंदवाला. भीती वाटते, खोटं कशाला सांगू. काल स्वप्नात स्तोयका काकू होती.

पण माझी एक अट आहे. मी अर्धा चेहरा घेऊन उभी राहणार असेन तर तू पूर्ण अंगणात उभी राहायचंस. शुक्रवारची दुपारची बस आहे. भिंग आण, शेवटची मोजणी तूच कर.

झोरे


प्लोव्दिव, २६ मे

माझ्या झोरे,

नाचाला जायच्या गाडीत बसताना तू माझ्या पर्समध्ये कोंबलेली चिठ्ठी मी परतीच्या बसमध्ये उघडली. डावा सहा, उजवा चौदा. मला गप्प बसवेना. शेजारच्या बाईंना म्हटलं, ‘‘डावा सहा, उजवा चौदा.’’ त्या म्हणाल्या, ‘‘लॉटरी का?’’ मी त्यांना घाट संपेपर्यंत सगळं सांगितलं. त्या उतरताना गाल चाचपत होत्या.

तेव्हा ही लेखी कबुली, जपून ठेव. मी चुकले होते. तुझं औषध धुऊन टाकलं तरी काम करतं, फक्त त्याला आधी थोडा वेळ द्यावा लागतो. माझ्या सॅलिसिलिकचं मला अजून माहीत नाही. हे ‘माहीत नाही’ मी आज सकाळी साहेबांच्या खोलीत मोठ्याने म्हटलं, आणि म्हटलं की तपासल्याशिवाय ट्यूबवर पुढचं वाक्य मी छापणार नाही. ते म्हणाले, एका मुलीच्या दोन गालांवरून काय ठरतं? मी म्हटलं, काहीच ठरत नाही, म्हणूनच शंभर मुली शोधू या. आणि दोन मिनिटं बेसिनवर उभं कोण राहणार, असं त्यांनी विचारलं, तर मी म्हटलं, माझी भाची राहते. त्यांनी कागद ठेवून घेतला आहे. बघू. आजपासून तू दोन्ही गालांना दोन दोन मिनिटं द्यायची, हा हुकूम.

आता तुला ते सांगते जे तू गाडीतून बघू शकली नाहीस.

तू दारातून बाहेर आलीस तेव्हा माझा हात पर्समधल्या भिंगावर होता. तो तिथेच राहिला. केस वर बांधले होतेस, कपाळावरच्या बटेसकट. काकांनी कबूल केल्याप्रमाणे डावीकडून फोटो काढले. पण गाडीत तू उजव्या बाजूला बसलीस, आणि गाडी हलताच रस्त्यावर रांगेत थांबलेल्या तुमच्या वर्गाच्या सगळ्या गाड्यांमधून मोजायला सुरुवात झाली, शाळेच्या दर वर्षामागे एक आकडा, एक ते बारा. दर मे महिन्यात मी ते ओरडणं माझ्या खिडकीतून ऐकते आणि खिडकी लावून घेते. तू खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आलीस. उजवा गाल अख्ख्या रस्त्यासमोर, उन्हात. स्तोयका अगदी पुढे उभी होती. तिने तुझ्याकडे निरखून बघितलं. आणि ती ओरडली, ‘‘अगं पोरी, ड्रेस दारात अडकलाय!’’

बस. तेवढंच दिसलं तिला. तिला जे दिसतं ते ती बोलते, तूच म्हणाली होतीस.

मी हसायला लागले. हसता हसता कळलं की मी हसत नाही, ओरडते आहे. तुम्ही आठवर होता. मीही आठ म्हटलं, मग नऊ, दहा, अकरा. बारा म्हटलं तेव्हा तुमची गाडी वळणापलीकडे गेली होती आणि रस्त्यात माझा एकटीचाच आवाज होता. सगळे पाहुणे वळून माझ्याकडे बघत होते. पन्नाशीला आलेली बाई, भुवईवर घाम, हातात पर्स. मला वाटलं आता आत जावं.

तुझा बाप गर्दीतून पुढे आला. तो मला काही बोलेल असं वाटलं नव्हतं, कारण त्या दिवसाबद्दल आम्ही एकतीस वर्षांत एक शब्द बोललेलो नाही. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, रस्त्याकडे तोंड करून, आणि म्हणाला, ‘‘तेमे, तू पहिले सात खाल्लेस. एकपासून म्हण.’’

आणि त्यानेच सुरुवात केली. दोनला आम्ही दोघं होतो. चारपर्यंत अख्खं अंगण.

आत्या